सांगणारा सापडतो का?

अहो वहिनी, आधी या शेंगा घ्या, मग बोला. झाड माझ्या बाजूला असलं तरी निम्म्या फांद्या तुमच्याच अंगणात आहेत, तेव्हा संकोच नको. हं, आता सांगा. सकाळी काय चाललं होतं? कान देऊन ऐकलं नाही हो, पण मधे ही एवढीशी तार, आणि तुमचा आवाज तुम्हाला ठाऊकच आहे. सूनबाई म्हणाली, बाळाला नऊ महिन्यांची गोवराची सुई द्यायची नाही. तुम्ही म्हणालात, आम्ही कधी विचारलं होतं का? झालं! "आम्ही कधी" म्हटलं की या मुली पुढचं ऐकतच नाहीत. माझीही ऐकत नाही.

नाही, तिची बाजू घेत नाहीये मी. पण तुम्ही म्हणता तशी ती बिनडोकही नाही. परवा बाळाला घेऊन इथंच उभी होती, तेव्हा तिनं मला ते मोबाइलवरचं दाखवलं. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, मागं पुस्तकांचं कपाट. बुवा इंग्रजीत बोलतो, खाली हिंदी अक्षरं पळतात. म्हणे गोवराच्या लसीनं आतडं बिघडतं, आतड्यातलं विष डोक्यात चढतं आणि चांगलं बोलणारं मूल मुकं होतं. आणि शेवटी काय? आतडं साफ करायची पावडर, त्याच्याच दुकानातली, आज घेतली तर सवलतीत! माझी सगळी नोकरी लसीचा डबा खांद्याला अडकवून वाड्यावस्त्या तुडवण्यात गेली, पण त्या डब्यातून मला कुणाला काही विकता आलं नाही बाई.

गंमत म्हणजे हे आतड्याचं खूळ त्या बुवाचं नाहीच, जुनं आहे. 2018 च्या नोव्हेंबरात आपल्याकडे गोवर-रुबेलाची मोठी मोहीम निघाली होती, आठवतं? नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतची सगळी पोरं. शाळेच्या फाटकावर आईबाप चिठ्ठ्या घेऊन उभे, आमच्या मुलाला टोचू नका म्हणून. तेव्हा आम्हाला ही सगळी कुळकथा पाठच करावी लागली. 1998 साली विलायतेत वेकफील्ड नावाच्या डॉक्टरनं लॅन्सेट या बड्या साप्ताहिकात लेख लिहिला. मुळात तो लेख आतड्याच्या सुजेवरच होता, त्याला स्वमग्नता आणि गोवराची लस त्यानं जोडून दिली. मुलं किती तपासली होती? 12! आपल्या गल्लीत सुट्टीला याहून जास्त पोरं क्रिकेट खेळतात. पुढे ब्रायन डीअर नावाचा पत्रकार हात धुऊन मागं लागला, तेव्हा कळलं की लस कंपन्यांवर खटला भरणाऱ्या वकिलाकडून या डॉक्टरला पैसे मिळत होते आणि मुलांची माहितीही फिरवलेली होती. 2010 मध्ये लॅन्सेटनं लेख मागं घेतला, त्याच वर्षी याचं नावही डॉक्टरांच्या यादीतून काढलं. नंतर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी पाहिल्या. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचा काही फरक नाही.

मग लोकांना तसं का वाटतं, हे तुमच्यासारखंच सूनबाईनंही विचारलं. अहो, मूल बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही, हे आईच्या लक्षात येतं ते दीड-दोन वर्षांचं असताना. आणि गोवराचा दुसरा डोस कधी? सोळा ते चोवीस महिन्यांत. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. त्या आईला दोष देववत नाही. तिला कुणीतरी जबाबदार हवं असतं, आणि कार्डावर तारखेसकट लस लिहिलेली असते.

आणि लोक बिचकतात त्याला कारणंही आहेत, उगाच डोळे मिटून कशाला बसायचं? 2021 साली यवतमाळ जिल्ह्यात 12 पोरांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं होतं की नाही? पोरं बचावली, पण बातमी घराघरांत गेली. आणि 2025 मधलं ते खोकल्याचं औषध! छिंदवाड्याकडची लहान लहान पोरं, साधी सर्दी-खोकल्याची. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल, कारखान्यात वापरायचं विष. मूत्रपिंडं बंद पडली. कितीतरी पोरं नागपूरला आणली, वीसहून जास्त गेली. त्या आयांनी काय चुकीचं केलं होतं? डॉक्टरला दाखवलं, चिठ्ठी घेतली, दुकानातून बाटली आणली, चमचा मोजून पाजला. अशा बातम्या वाचून एखादी म्हणाली की मला आधी नीट सांगा मग टोचा, तर तिला अडाणी म्हणायचं?

म्हणून मी तिला लसीचं गुणगान ऐकवलं नाही. एवढंच विचारलं, "हा पावडरवाला उद्या चुकला, तर तुला सापडेल कुठं?" गप्प बसली. यवतमाळला गावकऱ्यांना माहीत होतं की केंद्रावर कोण होतं. त्या कर्मचाऱ्यांना निलंबित केलं, पोरांना दवाखान्यात ठेवलं, सगळ्या महाराष्ट्रानं जाब विचारला. त्या खोकल्याच्या औषधाच्या कंपनीच्या मालकालाही पोलिसांनी धरलं. मला तर रात्री दोन वाजता दार वाजवून लोकांनी उठवलंय, "सिस्टर, तुम्ही टोचलं आणि पोरगं तापलं" म्हणून शिव्या घातल्यात. मी कुठं पळणार होते? आशाताई पुढच्याच आळीत राहतात. पोराला ताप आला तर सूनबाई त्यांना भर बाजारात धरू शकते. तो बुवा मात्र व्हिडिओ पुसून दुसऱ्या नावानं परत येणार.

अहो, हसताय काय? सापडण्याचंच म्हणाल तर तुम्हीसुद्धा घरातच सापडता, पण म्हणून तुमचं सगळं बरोबर असं नाही. ते मधाचं विसरले नाहीये मी. बाराव्या दिवशी मध चाटवायला निघाला होतात ना? पहिलं वर्ष मध नाही म्हणजे नाही. त्यात एका जंतूचे बीजाणू असतात, मोठ्यांना काही होत नाही, पण बाळाच्या कोवळ्या आतड्यात ते रुजतात आणि त्यांच्या विषानं अंग लुळं पडतं. हे तिला कुणी सांगितलं? मोबाइलनंच! तीच पेटी, त्यातच खरं आणि त्यातच खोटं. तिथं ती जिंकली हे कबूल करा एकदा, मग ती तुमचंही ऐकेल.

बाळगुटीचंही तसंच. तुमची सहाण मी पाहिलीय, वहिनी. मुरुडशेंगेचे दोन वेढे, हळकुंडाचा एक, वेखंडाचा एक, जायफळाचा अर्धा, सगळं अगदी शास्त्रशुद्ध. पण त्या सहाणेच्या खळग्यात कालचा पिवळा साका तसाच होता, आणि पाणी तांब्यातलं, न उकळलेलं. जायफळानं पोर झोपतं खरं, पण गुंगीला झोप म्हणायचं का? सहा महिने नुसतं आईचं दूध, पाणीसुद्धा नको, असं आम्ही घसा फोडून सांगायचो आणि पाठ फिरली की आज्या सहाण काढायच्या. तुमच्या सुनेनं ती गुटी बेसिनमध्ये ओतली हे तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल तर मी काही बोलले नाही.

आता आतड्याचं खरं औषध कुठलं म्हणाल, तर ते पोराला कधीच देऊन झालंय. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचं असताना रोटाचे डोस दिले ना तोंडातून? मुलांना ते भयंकर पाण्यासारखे जुलाब होतात, त्यावरची लस ती. सुईला घाबरणारी हीच मुलगी तेव्हा काही बोलली नाही, कारण तोंडात सोडतात. आता त्यातही खरं ते सांगायला हवं. रोटाची आपली देशी लस दिल्लीच्या एम्समध्ये सापडलेल्या विषाणूपासून केलेली, आणि चाचणीत पहिल्या वर्षी तिनं गंभीर दुखणी निम्म्याहून थोडी जास्तच टाळली, 56 टक्के. शंभर नाही. गरीब देशांतल्या मुलांच्या आतड्यांत तोंडावाटे दिलेली लस तितकीशी लागू पडत नाही. शिवाय जुलाब काही फक्त रोटानंच होत नाहीत. म्हणून "डोस देऊनही हगवण लागली" हे ऐकलं की मला आश्चर्य वाटत नाही. अमेरिकेत याच रोटाची पहिली लस 1999 मध्ये बाजारातून काढून घेतली होती, काही बाळांचं आतडं आतल्या आत अडकतंय असं दिसलं म्हणून. चुकलं की मागं घेतात, ते असं. पावडर कुणी मागं घेतल्याचं ऐकलंय?

आणि लागलीच कधी, तर ती दुकानातली गोड रंगीत पाकिटं आणू नका हो. नावात ओआरएस आणि आत साखरेचं पाणी. हैदराबादच्या डॉक्टर शिवरंजनी संतोष वर्षानुवर्षं भांडल्या, तेव्हा कुठं 2025 च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणानं असल्या पेयांच्या नावातून ते शब्द काढायला लावले. खरं पाकीट म्हणजे एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्णच्या पूर्ण टाकायचं, अर्धं वाटीत आणि अर्धं उद्या असं नाही. सोबत झिंकच्या गोळ्या 14 दिवस. जुलाब तीन दिवसांत थांबले तरी 14 दिवस. ते काचेच्या कुपीसारखे चांगल्या जंतूंचे डोस डॉक्टर देतात, देऊ देत, पण पाणी पाजणं हे पहिलं. आता दही विचाराल तर बाळ वरचं खायला लागलंय, घरचं ताजं दही भातात कालवून खुशाल द्या. सर्दी होते म्हणून तुम्ही देत नाही आणि जंतू मिळतात म्हणून ती इडली कुस्करून देते! इडली चांगलीच, पचायला हलकी, पण वाफेवर ते जंतू मरतात हो. जिवंत हवे असतील तर दह्यात.

बरं, सुईकडे येऊ. गोवर तुम्ही पाहिलाय ना? गालाच्या आतल्या बाजूला मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, डोळे चिकटलेले, उजेडात मूल किंचाळतं. 2022 च्या शेवटी गोवंडीला आणि मालेगावला साथ पेटली, पोरं दगावली. पुरळ गेलं म्हणजे संपलं असंही नाही. आधीच्या आजारांशी लढायला शिकलेलं अंग ते सगळं विसरतं, मग महिनोन्‌महिने न्यूमोनिया, जुलाब, काहीही. आणि कुणी म्हणत असेल की हा परदेशी कट आहे, तर त्याला हडपसरला पाठवा. गोवराची लस तिथून जगभर जाते.

मी सूनबाईला सांगितलंय, उपकेंद्रावर जाशील तेव्हा बाटली हातात मागून बघ. तिच्यावर एक गोल असतो आणि गोलात चौकोन. चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस ठीक. उन्हानं तापली की चौकोन काळवंडत जातो, गोलाइतका झाला की बाटली फेकायची. सिस्टर चिडली तर चिडू दे, चांगली असेल तर स्वतःच दाखवेल. गोवराची पूड पाण्यात मिसळली की चार तासांच्या आत संपवावी लागते, म्हणून थोडी पोरं जमेपर्यंत थांबवतील, सकाळीच जा म्हणावं. सुई उजव्या दंडात, सोबत चमच्यानं अ जीवनसत्त्व. मग अर्धा तास तिथंच बसायचं.

तिनं मला उलट काय विचारलं ठाऊक आहे? "काकू, एकानं भागतं तर दोन डोस कशाला?" अशी हवी मुलगी! नऊ महिन्यांना दिला की शंभरातल्या साधारण पंच्याऐंशी पोरांना लागू पडतो, उरलेल्यांसाठी दुसरा. म्हणाली, हे कार्डावर का नाही लिहीत? आता याला मी काय उत्तर देणार!

तुमच्यासाठी एकच काम. सुईनंतर आठ-दहा दिवसांनी बारीक ताप आणि चार पुटकुळ्या येऊ शकतात. तेव्हा "म्हटलं नव्हतं" अशी सुरुवात तुम्ही करू नका, आणि तीही करणार नाही, तिला मी आधीच सांगून ठेवलंय.

आणि हो, दादांनी कराडहून आणलेला तो चॉकलेटी पावडरचा डबा पाहिला मी खिडकीत. बाळासाठी आहे का? मागं घटक वाचा, वजनानं जे जास्त ते आधी लिहितात, साखर कितव्या नंबरवर येते ते बघा. "हेल्थ ड्रिंक" असा काही प्रकार कायद्यातच नाही, म्हणून 2024 मध्ये सरकारनं ऑनलाइन दुकानांना असली पेयं त्या नावाखालून काढायला सांगितली. फोडलाय का डबा? अर्धा संपला? कुणी संपवला? अहो, दादांची साखर मागच्या महिन्यात किती आली होती!