अशिलाने लॅटिन कसे समजून घ्यावे

न्यायालयीन इंग्रजीत मधूनच तिरप्या टायपात जे छापलेले दिसते, ते लॅटिन. त्याचा अर्थ वकीलसाहेबांना विचारू नये. खटला भक्कम असला की ते मराठीत बोलतात. लॅटिन सुरू झाले की अशिलाने फीची तजवीज करावी. प्राथमिक गरजेपुरता एवढा अर्थ पुरतो.

अधिक खोलात जायचे असल्यास शब्दाचे शेपूट पाहावे. लॅटिनचा सगळा कारभार विभक्तीवर चालतो आणि 'स-ला-ते' घोकलेल्या माणसाने त्याला घाबरण्याचे कारण नाही. 'अमायकस क्युरी'तला पहिला शब्द म्हणजे मित्र, दुसऱ्याच्या शेवटी षष्ठी. म्हणजे न्यायालयाचा मित्र. अशिलाने उगाच लोभ धरू नये. न्यायालय कोणाच्या अर्जाविना दखल घेते तेव्हा 'सुओ मोटू' येते. तिथे मराठी पंचमीचा 'हून' चपखल बसतो : स्वतःहून. वृत्तपत्रांनी त्याचे 'सुमोटो' केले. त्यात विभक्ती गेली आणि जपानी पहिलवान आला.

'ॲफिडेव्हिट' हे मुळात भूतकाळी क्रियापद : त्याने शपथेवर सांगितले. व्यवहारात आधी कागद टाइप होतो, मग सही होते आणि आपण शपथेवर काय सांगितले ते अशील घरी जाऊन वाचतो. 'ॲलिबाय' म्हणजे दुसरीकडे. आरोपी तेव्हा दुसरीकडे होता, संपले.

उच्चारावरून वाद घालू नये. कोर्टातले लॅटिन इंग्रजी वळणाचे आहे. सिसेरो स्वतः नामांकित वकील, पण त्यालाही ते कळले नसते.

'इन कॅमेरा' मात्र जपून वाचावे. लॅटिनमध्ये कॅमेरा म्हणजे खोली. छायाचित्राच्या यंत्राला हे नाव मिळाले ते 'कॅमेरा ऑब्स्क्युरा'वरून, म्हणजे अंधाऱ्या खोलीवरून. बलात्काराच्या खटल्याची सुनावणी 'इन कॅमेरा' होते ती बंद दाराआड. चित्रीकरण सोडाच, तिऱ्हाइताला आत पाऊल टाकता येत नाही. पण वृत्तपत्रात 'इन कॅमेरा शवविच्छेदन' असे छापून येते, तेव्हा ते व्हिडिओ कॅमेऱ्यासमोर झालेले असते. एकाच पानावर दोन्ही बातम्या असल्या तर वाचकाने संदर्भ पाहून काय ते ठरवावे. बातमीदाराकडून मदतीची अपेक्षा नको.

मराठी प्रतिशब्दांचा आधार जरूर घ्यावा, पण निवडून. 'प्रायमा फेसी'ला 'प्रथमदर्शनी' अगदी मापात बसतो. 'स्टेटस को'साठी 'जैसे थे' हा तर मुळापेक्षा सरस : भिंत अर्धी बांधून झाली असेल तर अर्धीच राहील, हे कोणालाही कळते. संविधानाच्या अनुच्छेद ३२ मधल्या 'हेबियस कॉर्पस'चे मराठीत 'देहोपस्थिती' झाले, तेही समजते. डांबून ठेवलेला माणूस न्यायालयापुढे देहाने हजर करायचा असतो. 'सर्शिओरेराय'ला मात्र 'प्राकर्षण' म्हटले आहे. खालच्या न्यायालयाचा किंवा न्यायाधिकरणाचा आदेश तपासून रद्द करण्यासाठी हा प्राधिलेख, म्हणजे रिट, काढतात. 'प्राकर्षण' कळण्यासाठी पुन्हा लॅटिनकडेच यावे लागते.

हे सारे ज्याने इकडे आणले त्या इंग्लंडने १९९९ मध्ये दिवाणी कामकाजाचे नवे नियम लागू केले. तेव्हापासून तिथे 'एक्स पार्टे'ऐवजी साध्या इंग्रजीत 'नोटीस न देता' असे म्हणतात. इकडे अजून 'एक्स पार्टे'च चालते.

शेवटी 'साइनी डाय', म्हणजे दिवस न ठरवता. काम असे तहकूब झाले की पुढची तारीख विचारायला शिरस्तेदाराकडे जाऊ नये. ती नसतेच.