नेढ्यातून बदलापूर

मे महिना उजाडला की आमच्या ऑफिसात रजेच्या अर्जांबरोबर जगाचा नकाशाही टेबलावर येतो. यंदा एकजण व्हिएतनामला, एकजण बाकूला (ते नेमकं कुठे आहे हे त्याला तिकिटं काढल्यावर कळलं), एक बाई सहकुटुंब काश्मीरला. माझी पाळी आली तेव्हा मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, "आम्ही जरा मध्य रेल्वेवर."

"म्हणजे कुठे?"

"बदलापूर."

सगळे गप्प. मग कुणीतरी आवाज उतरवून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

घरी सगळं ठीक होतं. आई बदलापूरला राहते. भाचीचे दिवस भरत आले होते आणि आईने फोनवर फर्मान काढलं होतं, "पणतवंडासाठी दुपटं शिवायचंय. ह्या खेपेला ये, तुला शिकवते." ताईने ह्या विषयातून तीस वर्षांपूर्वीच अंग काढून घेतलंय. राहिलो मी. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मी शिवलेला रुमाल बाईंनी पालकसभेत दाखवला होता, तो आई-वडिलांना वेळीच सावध करण्यासाठी. हे आई विसरली असेल असं वाटलं होतं. तिने तो रुमाल जपून ठेवलाय, हे तिथे गेल्यावर कळलं.

शिवकाळात इथे घोडे बदलत, म्हणून बदलापूर, असं सांगतात. मी दिवसाला तीन बनियन बदलत होतो. मे महिन्यात इथला पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि गोधडी नेमकी उन्हाळ्यातच शिवायची असते. पापड-कुरडयांसारखंच हेही बेगमीचं काम. थंडी पडल्यावर गोधडी शिवायला घेणारी बाई आईच्या मते तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतली. तेव्हा चित्र असं: मांडीवर गोधडी, डोक्यावर पंखा, पंख्याला वीज नाही.

पहिल्या दिवशी आईने जुनं लुगडं जमिनीवर अंथरलं, पाण्याचा हात फिरवून सुरकुत्या काढल्या आणि कोपऱ्यांवर वजनं ठेवली: पाट, वरवंटा, तूरडाळीचा डबा. चौथ्या कोपऱ्यावर मला बसवलं. वजन म्हणून मी चोख काम केलं. सबंध मुक्कामात माझं एवढं एकच कौतुक झालं.

मग तिने सुयांची पुडी पुढे केली. "ओव."

ओवली.

"आणखी ओव."

दीड दिवस मी फक्त सुया ओवल्या. माझी समजूत अशी झाली की ही जुनी घराण्याची पद्धत असणार. गाणं शिकायला आलेल्याने आधी बुवांच्या घरी पाणी भरायचं, तसं हे. सुईच्या भोकाला मराठीत नेढं म्हणतात, आणि डोंगराला आरपार पडलेल्या भोकालाही नेढंच. राजगडच्या सुवेळा माचीवरच्या नेढ्यात कॉलेजात असताना मी पाय पसरून डबा खाल्लाय. इथे एक डोळा मिटून, जीभ बाहेर काढून, दोरा ओठांत ओला करून मी त्याच नावाच्या भोकाशी झटत होतो. आई शेजारी बसून धावदोरा घालत होती. तांदळाएवढा टाका, तांदळाएवढं अंतर, पुन्हा टाका. कडेकडेने सुरुवात करून चौकोनात चौकोन घेत आत जायचं. बघता बघता कापडाला तलावावर वारा सुटल्यासारख्या बारीक लाटा येतात. हे मला अजून समजलेलं नाही. सरळ सुईने सरळ रेघेत शिवून लाटा येतात कुठून?

दुसऱ्या दिवशी दुपारी आतल्या थरांचं कापड संपलं. त्याला धुऊन धुऊन विरत आलेलं सुती कापड लागतं. नवं कापड तान्ह्याच्या अंगाला टोचतं. माझे शर्ट तपासले गेले. सगळे निम्मे पॉलिस्टर निघाले. आईने एक चिमटीत धरून निकाल दिला, "हा पेटेल, पण मऊ व्हायचा नाही." ती शेजारच्या काकूंकडे जुनी साडी मागायला निघाली होती, तेवढ्यात मी तोंड उघडलं. "कशाला कुणाच्या दारात जायचं? उल्हासनगरला चिंध्या किलोवर मिळतात."

"विकतच्या चिंध्यांची गोधडी?" आईचा चेहरा, विकतची आई आणतो म्हटल्यासारखा झाला. पण मी निघालो. सुट्टीवर आलेल्या माणसाने काहीतरी बघायला नको?

उल्हासनगर म्हणजे यूएसए, उल्हासनगर सिंधी असोसिएशन. हा विनोद इतका जुना झालाय की आता तोही वारसा म्हणून जतन करायला हवा. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्याची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं तिथल्या बराकींत राहिली, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं. पत्त्यांत अजूनही कॅम्प एक ते पाच आणि बराक नंबर असतात. रिक्षावाल्याने "कौनसा कॅम्प?" विचारलं की उगाच ताठ उभं राहावंसं वाटतं.

जीन्ससाठी हे गाव सगळीकडे ठाऊक आहे. त्यामुळे मी मऊ सुती कापड मागितल्यावर दुकानदाराने मला अकरा किलो जीन्सचे तुकडे दाखवले, आणि ते इतके स्वस्त होते की मऊ ह्या शब्दाचा अर्थ मी मनातल्या मनात सैल केला. गल्ल्यामागे खुर्चीत त्याची वृद्ध आई होती. तिने विचारलं, काय बनवणार? मी सांगितलं. तिने उठून एक तुकडा अंगठ्याने चोळून पाहिला. "इसकी रल्ली नहीं बनती, बेटा."

रल्ली म्हणजे सिंधची गोधडी. तशीच जुन्या कपड्यांची, तशीच थरांवर थर घालून धावदोऱ्याने शिवलेली. लहानपणी तिकडून येताना तिच्या आईने सामान एका रल्लीत बांधलं होतं. सामान काय काय होतं ते आता आठवत नाही म्हणाली, रल्ली आठवते. तिचा मुलगा मात्र माझ्याकडेच बघत होता, अकरा किलोचं गिऱ्हाईक आई घालवतेय अशा नजरेने. दोन आयांनी सांगूनही मी पैसे मोजले.

इथून पुढे प्रवास.

संध्याकाळी साडेसहाच्या बदलापूर लोकलमध्ये चादरीत बांधलेलं अकरा किलोचं गाठोडं घेऊन शहाणा माणूस लगेजच्या डब्यात चढतो. मी साध्या डब्यात चढलो. म्हणजे मला चढवलं. मागच्यांनी मला आणि मी गाठोड्याला. आत गेल्यावर गाठोडं पायांशी ठेवलं आणि दारातल्या दांड्याला लटकलो. एका आजोबांनी "बसू का जरा?" विचारून गाठोड्यावर बैठक मारली. अंबरनाथ आलं. अंबरनाथला उतरणाऱ्यांच्या वाटेत उभं राहिलं की आपणही अंबरनाथला उतरतो, हे बदलापूरकराच्या लेकाला ठाऊक असायला हवं होतं. चप्पल पायात, पाकीट खिशात, अशा सुस्थितीत मी फलाटावर आलो. गाडी सुटली. गाठोडं, आजोबांना घेऊन, बदलापूरला गेलं.

पुढचं मला नंतर तिघांनी तीन प्रकारे सांगितलं. आजोबा बदलापूरला "चला" म्हणून उठले आणि गेले. डबा रिकामा झाला, आणि मध्यभागी उरलं एक फुगलेलं, गाठ मारलेलं, कुणाचंच नसलेलं गाठोडं. बेवारस वस्तूला हात लावू नका, असं रोज कानीकपाळी ऐकणाऱ्या जनतेने हात अजिबात लावला नाही. लांबून फोटो मात्र काढले. एका काकूंना म्हणे टिकटिक ऐकू आली. (ते त्यांचंच घड्याळ असणार.) शेवटी ड्यूटीवरच्या हवालदारांनी येऊन ते काठीने टोचलं, हुंगलं, फलाटावर आणलं आणि लोकांना मागे सारलं.

वीस मिनिटांनी मी मागच्या गाडीने पोचलो. फलाटावर माणसांचं भलंमोठं कडं होतं आणि मधोमध माझं गाठोडं. इतका आनंद झाला की मी हात वर करून ओरडलो, "माझंय!"

कडं दहा पावलं मागे सरकलं. आता त्यात आम्ही दोघं होतो.

"काय आहे आत?" हवालदारांनी विचारलं.

"जीन्स."

"किती?"

"अख्खी एकही नाही. तुकडे आहेत."

तुकडे हा शब्द मी वापरायला नको होता. गर्दीतून "बाप रे" ऐकू आलं.

"कशाचे? कशासाठी?"

"जीन्सचे हो! दुपटं शिवायचंय. भाचीच्या बाळाला."

"कोण शिवणार?"

"मी."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग गाठ सोडायला लावली, निळ्या-काळ्या तुकड्यांत हात घालून तळापर्यंत चाचपलं, आणि एक तुकडा अंगठ्याने चोळला. त्या दिवसात हे दुसऱ्यांदा होत होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा पोलीस बाजूला झाला आणि कुणाचा तरी बाप पुढे आला. "तान्ह्या लेकराच्या अंगावर हे घालणार तुम्ही?"

खात्री करायला त्यांनी आईला फोन लावायला सांगितला. ते "हो आई... नाही आई... सांगतो आई" एवढंच बोलले आणि फोन मला न देताच ठेवला. "मावशी म्हणाल्या, सोडून द्या, लहानपणापासून असाच आहे." नाव-पत्ता लिहून घेताना ते म्हणाले, "आमच्या साताऱ्याकडं वाकळ म्हणत्यात ह्याला. दुपटं निराळं, वाकळ निराळी." त्यावर गर्दीतल्या एका गृहस्थांनी "आमच्याकडे मोठीलासुद्धा गोधडीच म्हणतात" असा मुद्दा काढला, कुणी "लेपडं" म्हणालं, आणि पाच मिनिटांपूर्वी जीव मुठीत धरून उभी असलेली माणसं फलाट अडवून पोटजातींवर भांडू लागली. मी माझं गाठोडं उचलून निघालो. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आईने गाठोडं उघडून पाहिलं. "हे पांघरलं तर पोर रांगायच्या आधी वजनं उचलायला लागेल." शेजारच्या काकूंची साडी तिने दुपारीच आणून ठेवली होती. जीन्सचं गाठोडं भिंतीशी गेलं आणि आई त्याला पाठ टेकून बसू लागली. लोड म्हणून फार छान आहे म्हणते.

प्रेक्षणीय स्थळही केलं: अंबरनाथचं शिवमंदिर. शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, शिलाहारांच्या काळातलं. वीसेक पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जायचं, आणि वर शिखराच्या जागी उघडं आभाळ. आई बाहेरच्या भिंतीशी नाक लावून बराच वेळ उभी होती. मला वाटलं भक्ती. मग म्हणाली, "बघ, बोटभर जागा मोकळी सोडली नाही कुठे. तू चार बोटांवर एक टाका घालतोस." देवळाला लागून वालधुनी वाहते. पुढे खाली जीन्स धुणाऱ्या कारखान्यांचं पाणी ह्याच नदीत वर्षानुवर्षं सोडलं गेलं. माझे अकरा किलो इतके स्वस्त कसे, ते तिथे नाकावर रुमाल धरल्यावर लक्षात आलं. त्या दिवशी परतीच्या गाडीत मी फारसं बोललो नाही.

सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात टोपलीभर जांभळं आली. बदलापूरच्या जांभळांना आता भौगोलिक मानांकन आहे, आणि माझ्या बोटांनी त्याचे पुरावे दुपट्याच्या एका कोपऱ्यावर कायमचे नोंदवलेत. ते पुसायचा प्रयत्न चालला असताना दार वाजलं. दुसऱ्या मजल्यावरचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा.

"आजी, सुया?"

"अरे, काका आहेत ना," आई घाईघाईने म्हणाली.

"किती दिवस आहेत?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्यामुळे त्याची नोकरी गेली आहे. चौकशीअंती कळलं की ती खरोखरच गेली होती. रोज शाळेतून आल्यावर दहा सुया, एक लॉलीपॉप. दोन वर्षांपासून. त्याआधी त्याची बहीण हे काम करायची. तिला चष्मा लागला.

मी आईकडे पाहिलं. ती दोऱ्याचं रीळ गुंडाळत होती. ते आधीच गुंडाळलेलं होतं.

"टाका दिसतो मला," ती म्हणाली. "बोटाला दिसतो. नेढंच तेवढं दिसत नाही."

निघायच्या आदल्या रात्री मी उरलेल्या सगळ्या सुया ओवल्या. वीस. चांगले हात-हातभर दोरे सोडले आणि सुया ओळीने त्या जीन्सच्या गाठोड्यात टोचून ठेवल्या. मऊ कापडात त्या सैल होऊन पडल्या असत्या. मुलगा जाता-येता मोजून गेला. लॉलीपॉपची अख्खी बरणी दिली तेव्हा बोलायला लागला.

सोमवारी ऑफिसात व्हिएतनामचे दोनशे चौदा फोटो पाहायचे होते. त्र्याहत्तराव्याला आईचा फोन आला.

"किती उरल्या गं?" मी विचारलं.

"तेरा. आणि पुढच्या वेळी शेवटाला गाठ मारायला शीक. दोन टाके घातले की सगळा दोरा हातात येतो."