किमतीच्या मानाने डॉल्बी

स्वस्तातला होम थिएटर रिसीव्हर घेतलेल्या माणसाला ‘आवाज कसा आहे?’ असं विचारून बघा. तो किंमत सांगेल. कुठल्या दुकानात किती सांगत होते, तापकीर गल्लीत कितीला पडला, दिवाळीपर्यंत थांबलो असतो तर आणखी किती उतरला असता आणि तरीही आपण का थांबलो नाही, हे सगळं होईल. मग चहा संपता संपता तो आवाजाकडे वळेल आणि म्हणेल, ‘किमतीच्या मानाने झकास!’ झाला अभिप्राय.

या निकालावर अपील नसतं, कारण खटला चालवणारा, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच असतो आणि त्याने पैसे भरलेले असतात. लाखाचा रिसीव्हर त्यानेही शोरूममध्ये ऐकलेला असतो. त्याबद्दलचं मत एका वाक्याचं: ‘आतला माल तोच हो, वरचा डबा तेवढा वेगळा.’ यात काहीच तथ्य नाही असंही नाही. डॉल्बी आणि डीटीएस उलगडायचं काम आता तळाचं मॉडेलही नीट करतं. वरचे पैसे जातात ते ट्रान्सफॉर्मरमध्ये, ॲम्प्लिफायरमध्ये, जास्तीच्या चॅनलमध्ये आणि खोलीप्रमाणे आवाज जुळवणाऱ्या व्यवस्थेत. म्हणजे थोडक्यात, डब्याच्या आतच.

पण मालकाला आतलं सांगायला जाऊ नये. त्याचं लक्ष खोक्यावर असतं. खोक्यावर लिहिलेलं असतं, १४५ वॅट गुणिले ५. तो गुणाकार त्याने दुकानातच केलेला असतो: ७२५. आता हाच रिसीव्हर जरा वळवून पाठीमागे बघा. वायर जिथून आत जाते तिथे बारीक अक्षरांत वीजवापर लिहिलेला असतो. तो असतो अडीचशे वॅटच्या आसपास. आत अडीचशे जातात, बाहेर सव्वासातशे येतात! महाजनकोने यापुढे कोयनेच्या पाण्याकडे डोळे लावून बसायचं कारण नाही. पोफळीला शंभरेक रिसीव्हर मांडावेत, महाराष्ट्राचं भारनियमन कायमचं संपेल.

खुलासा तळटिपेत असतो आणि तळटीप वाचण्यासाठी कोणी रिसीव्हर घेत नाही. तो १४५ चा आकडा बहुधा एकच चॅनल चालवून, एक किलोहर्ट्झच्या एकाच सुरावर, ६ ओहमच्या स्पीकरला जोडून आणि कित्येकदा आवाज १० टक्के फाटेपर्यंत ताणून काढलेला असतो. पाचही स्पीकर एकदम कामाला लागले की वाटणी होते आणि वाटणीत आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेत या आकडेबाजीचा इतका उबग आला, की तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये ॲम्प्लिफायरचे वॅट कसे मोजून छापायचे याचा नियम केला आणि २०२४ मध्ये तो पुन्हा आवळला. आपण मात्र ‘पीएमपीओ’ नावाच्या फुगवलेल्या वॅटच्या सुवर्णकाळात वाढलेली माणसं. नव्वदच्या दशकात तळहाताएवढे कॉम्प्युटरचे स्पीकर हजार-हजार वॅट पीएमपीओ फेकत, तेही एका किरकोळ अडॅप्टरवर. त्या पिढीला १४५ हा आकडा विनयाचाच वाटतो.

आणि समजा आकडा खरा धरला. वॅट दुप्पट झाले की आवाज वाढतो तीन डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला वॅट साधारण दहापट लागतात. तेव्हा मेहुण्याचा ७० वॅटचा आणि आपला १४५ चा, यावरून गौरीच्या जेवणात जो अबोला धरला गेला, तो जेमतेम तीन डेसिबलसाठी होता. व्हॉल्यूमचं बटण जरा दाबून धरलं असतं तरी मिटलं असतं.

या सगळ्यापेक्षा आपल्याकडची वजनाची कसोटी बरी. ‘उचलून बघ’ असं म्हणून मालक पाहुण्याच्या हातात सात-आठ किलोचा ठोकळा देतो आणि पाहुण्याच्या चेहऱ्यावर मत उमटतं की नाही ते बघतो. हसू नका. रिसीव्हरचं वजन मुख्यतः ट्रान्सफॉर्मरचं आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचं असतं. ते जितकं जास्त तितकी आतल्या ॲम्प्लिफायरच्या अंगात ताकद असण्याची शक्यता जास्त. खोक्यावरच्या वॅटपेक्षा काट्यावरचे किलो कमी खोटं बोलतात.

वजनाचा खरा अनुभव मात्र ज्यांचा रिसीव्हर न्यू जर्सीहून आलेला आहे त्यांना. डॉलर गुणिले रुपये असा हिशेब करून भाच्याने तो सामानातून आणलेला असतो. जाताना बाकरवडी, येताना रिसीव्हर. घरी आल्यावर कळतं, की तिकडचं यंत्र १२० व्होल्टचं आहे आणि आपल्याकडे भिंतीतून २३० येतात. मग स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर येतो. तो रिसीव्हरइतकाच जड, आणि शांत प्रसंगांत स्वतःचा एक षड्ज लावून बसणारा. वॉरंटी असते, पण एडिसनमध्ये. या मालकांचं मत विचाराल, तर ‘तिकडच्या मालाची गोष्टच वेगळी’.

आता मांडणी. पाच स्पीकर कुठे ठेवायचे हे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ठरवून दिलेलं आहे. सेंटर बरोबर समोर, डावा-उजवा ३० अंशांवर आणि मागचे दोन १०० ते १२० अंशांच्या मध्ये. संघाच्या तज्ज्ञांनी वन बीएचके पाहिलेला नसावा. तिथे ११० अंशांवर एकीकडे फ्रिज असतो आणि दुसरीकडे बाल्कनीचं सरकतं दार. त्यामुळे एक सराउंड फ्रिजवर लोणच्याच्या बरणीशेजारी चढतो, दुसरा पडद्याच्या दांडीखाली लटकतो आणि सबवूफर देवघराखालच्या कपाटाला टेकतो. सिनेमात मागून गाडी आली की दचकून वळून बघावंसं वाटतं, असं मालक अभिमानाने सांगतो. पाहुणा वळून बघतो. फ्रिज असतो.

मग रिसीव्हरसोबत आलेल्या छोट्या माइकचा विधी. माइक सोफ्यावर कानाच्या उंचीला ठेवायचा, रिसीव्हर एकेका स्पीकरमधून आवाज सोडणार, अंतर आणि पातळी मोजणार, आणि तेवढा वेळ घरात पूर्ण शांतता हवी, असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पूर्ण शांतता! कुकर, भंगारवाला, वरच्या मजल्यावर सुरू असलेलं टाइल्सचं काम आणि ‘अहो, हे कसलं ठुक-ठुक लावलंय?’ या सगळ्यांसकट मोजमाप पार पडतं. निकाल येतो: सबवूफर २२ फुटांवर. हॉल १४ फुटांचा. मालक हादरतो आणि आकडा हाताने दुरुस्त करतो. करू नये. यंत्र टेप धरून अंतर मोजत नाही. आवाज पोचायला किती वेळ लागला ते मोजून त्याचे फूट करतं. सबवूफरच्या आतल्या सर्किटमध्ये आवाजाला थोडा उशीर होतो, म्हणून तो कागदावर लांब गेलेला दिसतो. शिवाय २२ फुटांवर शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर आहे आणि तिथली डब्यांची झाकणं रोज रात्री थरथरतात. यंत्राचं फार काही चुकलेलं नाही.

यामाहाच्या स्वस्त रिसीव्हरमध्येसुद्धा ‘हॉल इन म्युनिक’, ‘हॉल इन व्हिएन्ना’, ‘द रॉक्सी थिएटर’, ‘सेलर क्लब’ अशा सोयी असतात. खऱ्याखुऱ्या सभागृहांतला घुमारा मोजायचा, तो चिपमध्ये भरायचा आणि आपल्या हॉलमध्ये सोडायचा, हा उद्योग ही कंपनी १९८६ पासून करते आहे. मनापासून कौतुक वाटावं असाच तो आहे. प्रश्न फक्त रिमोट कुणाच्या हातात आहे एवढाच. सदाशिव पेठेतल्या एका मालकांना व्हिएन्ना मानवलं आहे. ते तिथे बालगंधर्वांची पदं लावतात, ७८च्या तबकडीवरून उतरवलेली, एकाच चॅनलची. पद संपतं, वन्समोअर मिळतो, आणि तबकडीची खरखर मात्र पुढचे दोन सेकंद व्हिएन्नात रेंगाळते. किमतीच्या मानाने व्हिएन्ना पुष्कळच चांगलं आहे, असं त्यांचं मत. व्हिसा लागत नाही.

पाहुण्यांसाठीचा कार्यक्रम वेगळा. त्यात ‘ज्युरासिक पार्क’ असतोच. १९९३ मध्ये डीटीएसचा आवाज घेऊन आलेला तो पहिला चित्रपट, त्यामुळे डायनासोरच्या पावलांनी पाण्यात वलयं उठणं हा या पंथाचा कुळाचार आहे. नंतर ‘सैराट’. त्याच्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता, हे मालक सांगतो, आणि मग ‘ऑल चॅनल स्टीरिओ’चं बटण दाबून तो अख्खा वाद्यवृंद पाचही कोपऱ्यांत सारखाच कोंबतो. फ्रिजवरही व्हायोलिनं, पडद्यामागेही व्हायोलिनं. पाहुणे मान डोलावतात. त्यांना शेवटची लोकल गाठायची असते.

पाहुणे गेले की उरतात बातम्या आणि मालिका. त्या येतात दोनच चॅनलमध्ये आणि रिसीव्हर आपल्या परीने त्यांचे पाच करतो. यात बोलणं मधल्या स्पीकरकडे जातं, म्हणून चर्चेतले चार पाहुणे आणि निवेदक टीव्हीखालच्या एका वीतभर डब्यातून एकदम भांडतात आणि बाकी चार स्पीकर तटस्थ राहतात. हजारो रुपये खर्चून मालकाने जे विकत घेतलं, त्याचा रोजचा उपयोग हा.

याच घरात एक मत असतं, जे कुणी विचारत नाही. ते आजींचं किंवा वहिनींचं. ‘स्फोट ऐकू येतात, बोललेलं ऐकू येत नाही.’ रिसीव्हरबद्दल इतकं नेमकं परीक्षण मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. चित्रपटाचा आवाज मोठ्या थिएटरसाठी बांधलेला असतो. कुजबुज आणि स्फोट यांच्यात अंतर प्रचंड. घरात स्फोट सोसवेल एवढा आवाज ठेवला की कुजबुज बुडते, कुजबुज ऐकू येईल एवढा वाढवला की खालच्या मजल्यावरून फोन येतो. मग माणूस रिमोट हातात धरूनच सिनेमा बघतो: बोलताना वर, मारामारीत खाली. याला उपाय आहे आणि तो फुकट आहे. सेटिंगमध्ये जाऊन सेंटर स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवायची. रात्री ‘नाइट मोड’ किंवा ‘डायनॅमिक रेंज’चा पर्याय चालू करायचा, म्हणजे स्फोट खाली येतात आणि शब्द वर येतात. सेंटर स्पीकर खालच्या कप्प्यात कोंबला असेल तर कडेपर्यंत पुढे ओढून जरा कानाकडे तिरका करायचा. पण मालक हे करत नाही. ‘दिग्दर्शकाला जसं ऐकवायचंय तसंच ऐकलं पाहिजे,’ असं तो म्हणतो. व्हिएन्नाच्या वेळी दिग्दर्शक आठवत नाही. आजी शेवटी आपल्या खोलीत जाऊन जुन्या टीव्हीवर मालिका बघतात. तिथे एकच स्पीकर आहे आणि सगळं ऐकू येतं.

राहिले खालच्या मजल्यावरचे. त्यांनी पैसे दिलेले नाहीत, पण सबवूफरचा मोठा हिस्सा त्यांच्याच वाट्याला येतो. वरचे सूर भिंतीत अडतात, खालचे स्लॅबमधून उतरतात. त्यामुळे त्यांना चित्रपट कळत नाही, फक्त मध्यंतर केव्हा झालं ते कळतं. केंद्राच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हे सोसायटीच्या सभेत वाचून दाखवलं, की मालक उठून विचारतो, ‘मग गणपतीत काय करता?’ सभा तिथे संपते आणि पार्किंगचा विषय सुरू होतो.

तरीही कुणाला स्वस्तातला रिसीव्हर घ्यायचाच असेल तर घ्यावा. वाईट नसतात हो ते. पाच स्पीकर, एक साधारण हॉल आणि बेताचा आवाज एवढं काम ते वर्षानुवर्षं इमानाने करतात. फक्त घेण्याआधी मत विचाराल ते मालकाला विचारू नका. एक मजला खाली उतरून बेल वाजवा, आणि वर जाऊन आजींना भेटा.