भावी आमदारांस अनावृत पत्र

मा. नगरसेवक साहेब,
(पेडण्याचे की डिचोलीचे, ते लिहीत नाही. दोन्हीकडे आपल्यासारखे बरेच सापडतील.)



चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळीच्या बाजारात आपला फलक पाहिला. गणपती कोपऱ्यात अंगठ्याएवढा, आपण मध्ये पुरुषभर उंच, आणि खाली ‘भावी आमदार २०२७’. त्या फलकाखाली एक म्हातारी कवंडळे, आंबाडे आणि सुपारीची शिपटी मांडून बसली होती. पाऊस असल्याने तिने छत्री उघडली आणि ती नेमकी आपल्या हनुवटीच्या आड आली. आपल्या पोरांनी तिला उठवले. तिने कनवटीची सोपोची, म्हणजे बाजारकराची, पावती काढून दाखवली, ती कुणी हातातसुद्धा घेतली नाही. सरकता सरकता टोपली कलंडली आणि कवंडळे गटाराच्या पाण्यात घरंगळली. हनुवटी मात्र स्वच्छ दिसू लागली. अभिनंदन.

आता आमदारकीचे. वाट मळलेली आहे, घाबरू नका. दिगंबर कामत मडगाव पालिकेचे नगरसेवक होते, पुढे गोव्याचे मुख्यमंत्री झाले. २००५ मध्ये भाजप सोडून काँग्रेसमध्ये गेले. जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसच्या उमेदवारांनी देवळात, क्रुसासमोर आणि दर्ग्यात पक्ष न सोडण्याची शपथ घेतली, त्यांत तेही होते. १४ सप्टेंबरला ते परत भाजपमध्ये. देवालाच विचारले, देव म्हणाला तुला योग्य वाटेल ते कर, असे त्यांनी सांगितले. इतका समजूतदार देव आपल्यालाही लाभो.

गणित तेवढे पक्के करा. मार्च २०१९, मध्यरात्र: मगो पक्षाच्या ३ आमदारांपैकी २ भाजपमध्ये. त्याच वर्षी जुलै: काँग्रेसच्या १५ पैकी १०. सप्टेंबर २०२२: ११ पैकी ८. दोन तृतीयांश भरले की कायद्याच्या भाषेत ते पक्षांतर नव्हे, विलीनीकरण. एकट्याने जायचे असेल तर राजीनामा देऊन पुन्हा निवडून यावे लागते. मांद्रेच्या दयानंद सोपटेंनी ते करून दाखवले, पण खर्चिक काम. पेडण्याचे बाबू आजगावकर त्या मध्यरात्रीच्या दोघांतले. उपमुख्यमंत्री झाले. २०२२ मध्ये पक्षाने त्यांना पेडण्यातून उचलून मडगावात कामतांसमोर उभे केले. पडले. सहा महिन्यांनी ज्यांनी पाडले तेच त्यांच्या पक्षात आले. नाटककाराने हे लिहिले असते तर तालमीतच हाणून पाडले असते.

आपली तालीम पालिकेत झालीच आहे. मार्च २०२१ च्या निवडणुकीत पक्षाचे चिन्ह नव्हते, म्हणजे सोडायलाही काही नव्हते. पॅनल निवडून आणायचे, नगराध्यक्षपद वाटून घ्यायचे, वाटणी बिनसली की अविश्वास ठराव. प्रभागातले बंद दिवे, तिळारीचा कालवा फुटला की कोरडे पडणारे नळ, मोपाच्या विमानतळावरच्या नोकऱ्यांचे आश्वासन, हे विषय भाषणापुरते ठेवा.

पण ती म्हातारी पालिकेला पैसे भरून बसली होती रे! सोपोच्या ठेक्यावरून तुम्ही सगळे बैठकीत घसा फोडता ना? त्या सोपोची पावती होती ती. वाचता येत नव्हती का तुझ्या पोरांना? की तुझ्या तोंडापुढे पालिकेचा शिक्काही फिका?

असो. रागावून लिहिले, तरी हेही ठाऊक आहे की आपल्या हातात फारसे काही नसते. फाईल मुख्याधिकाऱ्याच्या टेबलावर, पैसा पणजीत. रात्री दोनला कुणाच्या न्हाणीत साप निघाला तरी फोन आपल्याला. मंडळाला घुमटे हवीत, क्लबला जर्सी, शाळेच्या पोरांना वह्या. गटार उपसणाऱ्याचे नाव कुणी विचारत नाही, वह्या वाटणाऱ्याचे फोटो घराघरांत लागतात. पंचविशीतल्या पोराने हे दोन वर्षे पाहिले की तो दुसरे काय शिकणार? मागे एकदा भर पावसात आपण स्वतः चेंबरचे झाकण उचलताना दिसला होतात. त्याचा फलक कुठे लागला नाही.

तिकीट मिळेलच. कुठल्या पक्षाचे, ते निकालानंतर कळवलेत तरी चालेल. डिचोलीने २०२२ मध्ये अपक्ष डॉक्टर निवडून दिला, आणि त्यांनीही लगेच सरकारलाच पाठिंबा दिला. तेव्हा आम्हाला सवय आहे.

आपला,
प्रभागातील एक मतदार