राणीचं नाक

आमच्या घरातल्या एकुलत्या एका राणीछाप रुपयावर राणीला नाक नाही. चार पिढ्यांच्या बायकांनी दर लक्ष्मीपूजनाला चिंच आणि रांगोळी घेऊन तिची जी सेवा केली, त्यात ते गेलं. साल मात्र अजून वाचता येतं: १८६२. त्याच्याच जोरावर मी रुपया रुमालात बांधून नाणी जमवणाऱ्या एका गृहस्थांकडे गेलो. मनात फ्लॅट नव्हता, पण नवा फ्रिज होता.

त्यांनी नाणं दोन बोटांनी फक्त कडेला धरलं, भिंगातून पाहिलं आणि डॉक्टरनं ‘तंबाखू खाता?’ विचारावं त्या सुरात म्हणाले, “घासता का हो?”

पुढचं सगळं उलटंच निघालं. टांकसाळीनं १८६२ हेच साल पार १८७४पर्यंत रुपयांवर उमटवलं. तेव्हा तशी नाणी ढिगानं. चांदी म्हणाल तर ११.६६ ग्रॅममध्ये बाराला अकरा भाग, म्हणजे बरोबर एक तोळ्याचं नाणं. ‘रुपयाभार’ म्हणून आजी काढ्याची औषधं मोजायची, ते हेच वजन. पण चांदीचा भाव सोनारही देतो. हे गृहस्थ पैसे मोजतात ते राणीच्या झग्यावरच्या नक्षीला, न पुसलेल्या उठावाला, आपसूक चढलेल्या काळपटपणाला. थोडक्यात, जन्मभर बाजारात राबलेला रुपया चांदीच्या भावात आणि पेटीत लोळत पडलेला मानकरी. आमच्या ऑफिसातही साधारण हेच चालतं.

मग त्यांनी हौसेनं आपला १९११चा रुपया काढला. पंचम जॉर्जच्या झग्यावर साखळीत एक हत्ती आहे. पण सोंड इतकी आखूड की लोकांना ते डुक्कर वाटलं. ओरड झाली, सरकारनं नाणी मागे घेतली, बरीचशी वितळवली आणि १९१२मध्ये हत्तीला बेताची सोंड दिली. आज उरलेल्या डुकरांना हत्तीहून जास्त भाव आहे. मी भिंगातून बराच वेळ पाहिलं. मला आधी उंदीरच वाटला, पण बोललो नाही.

“आता तरी घासू नका,” दारापर्यंत सोडायला येत ते म्हणाले.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. “बरं,” ती म्हणाली, “म्हणजे काळीकुट्ट लक्ष्मी पुजायची?” ओट्यावर वाटीत चिंच भिजत होती.