पावणेतेवीस पैसे मिनिट

सिनेमा कसा होता असं विचारलं, तर नाना सांगतात, "पावणेतेवीस पैसे मिनिट." २००७ साली मोझर बेअर कंपनीने सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली, तेव्हापासून डीव्हीडीच्या किमतीला मिनिटांनी भागायची ही खोड.

ह्याच हिशेबाने ते बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' घ्यायला गेले. ९४ भाग, एकेक पाऊण तासाचा, म्हणजे झाले अठ्ठावीस सिनेमे. अठ्ठावीस चौतिसे साडेनऊशे आणि वर किरकोळ. पेटीवरचा आकडा वाचला आणि नाना पेटले.

दुकानदार सोशीक. म्हणाला, सिनेमाने थेटरात पैसे काढलेले असतात, डिस्क म्हणजे वरकमाई. शिवाय सिनेमा येताजाता कुणीही उचलतो. एवढी मालिका नेणारं गिऱ्हाईक विरळा. जुन्या टेपा साफ करा, डिस्का भरा, पेटी छापा, सगळा खर्च त्या मोजक्यांच्याच डोक्यावर. आणि ज्याला मालिका हवीच असते तो घासाघीस करत नाही, हे कंपनी ओळखून असते. (मला हेच कारण सगळ्यांत खरं वाटतं. कंपनीने नाना पाहिले नव्हते, एवढंच.)

"ते राहू द्या. महेंद्र कपूरचं शीर्षकगीत दर भागाला तेच ना? मी एकदाचे पैसे देतो, त्र्याण्णव वेळचे वजा करा. आणि तो 'समय' मागचं पुन्हा पुन्हा सांगतो, त्याचे उक्ते कापा."

न्यू जर्सीच्या भाच्याने तर फोनवर कहरच केला. 'द एक्स-फाइल्स'चा पहिला सीझन २००० साली डीव्हीडीवर आला, तेव्हा २४ भागांची छापील किंमत होती १४९ डॉलर ९८ सेंट. नानांनी चव्वेचाळिसाने गुणलं आणि पाणी मागितलं. भाचा सांगत होता, "मामा, इथे जुन्या मालिकांनी गाण्यांचे हक्क टीव्हीपुरतेच घेतलेले असायचे. डिस्क काढायची तर पुन्हा पैसे मोजा. 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' ही रेडिओ स्टेशनवरची मालिका, पण डिस्कवर तिच्यातली कितीतरी मूळ गाणीच बदलली."

"मग त्या गाण्यांपुरता भाव उतरवला का?"

भाच्याला अचानक मीटिंग आठवली.

शेवटी दुकानदाराशी नाना तोडग्यावर आले. "असं करा, द्यूतापर्यंतच द्या. पुढचं मला माहीत आहे."

"सेट फोडत नाही, नाना."

"बरं. मग युद्धापासून पुढचं हवं असलेलं कुणी आलं, तर माझा नंबर द्या त्याला."