सतरा इंची रुबाब

टायर बदलल्याचं सोसायटीत कुणाच्या लक्षातही आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. नक्षी नीट दिसावी म्हणून गाडी लावताना मी पुढची चाकं मुद्दाम बाहेर वळवून ठेवत होतो. शेवटी वॉचमनने विचारलं, "साहेब, स्टिअरिंगमध्ये काही प्रॉब्लेम आहे का?"

जुने टायर होते 185/65 आर 15. आताचे 205/45 आर 17. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या किती टक्के. शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. चाकाचा एकूण व्यास जवळपास तेवढाच राहतो, त्यामुळे स्पीडोमीटर फारसा खोटं बोलत नाही; पण रिम वाढली की रबर घटतंच. आधी रिम आणि रस्ता यांच्यामध्ये 120 मिलिमीटरची भिंत होती, आता 92ची आहे. ती भिंत म्हणजे गाडीची गादी. मी तिची सतरंजी केली. "म्हणजे जास्त पैसे देऊन चाकामागे इंचभर रबर कमी आणलंस," असं बायको म्हणाली. मी म्हटलं, तुला नाही कळायचं. तिला कळलं होतं, हीच अडचण होती.

शिवाय टायरवर एक अक्षर असतं. जुन्यावर 'एच' होतं, म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंत. नव्यावर 'डब्ल्यू', म्हणजे 270. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारीला मर्यादा 100ची, आणि संध्याकाळी सिंहगड रोडला रिक्षा मला डावीकडून मागे टाकून जाते. तरीही सिग्नलला उभं असताना आपल्या बुडाखाली 270 आहेत, या जाणिवेने माणूस जरा ताठ बसतो.

आणि खोटं कशाला बोलू, फरक पडतोच. स्टिअरिंग वळवलं की आधी टायरची भिंत मुरडते, मग गाडी वळते. उंच भिंत या कामात रेंगाळते. ठेंगणी, कडक भिंत रेंगाळत नाही; मनगट हललं की गाडीचं नाक वळलंच. रबरही मऊ असतं, डांबराला घट्ट धरतं, आणि झिजतंही तितक्याच उत्साहाने. टायर रुंद झाला म्हणून जमिनीला टेकणारा तुकडा मात्र फारसा मोठा होत नाही. गाडीचं वजन आणि हवा तेवढीच, तेव्हा तो साधारण तळहाताएवढाच राहतो. आधी उभट होता, आता आडवा होतो. वळणावर तो आडवेपणा कामाला येतो. पावसात साचलेल्या पाण्यावर हाच रुंद टायर लवकर तरंगायला लागतो, पण ते सांगायची वेळ टायर घेतल्यानंतर येते.

वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटातली वळणं मी अशी काही घेतली, की माझ्याच तोंडून 'वा!' निघालं. मागून दाद आली नाही. आरशात पाहिलं, तर बायकोने दारावरची कडी धरली होती आणि आईने बायकोला.

घाटात ठीक आहे. घाटात गतिरोधक नसतात. या विषयावर माझा आता बऱ्यापैकी अभ्यास झालाय, तेव्हा थोडं ऐकून घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणानुसार गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद हवा. ताशी 25च्या वेगाने गाडी त्यावरून अलगद जावी, अशी मूळ कल्पना. असा गतिरोधक मी अजून पाहिलेला नाही. आपल्याकडचा गतिरोधक कुणाच्या तरी स्लॅबमधून उरलेल्या काँक्रीटचा असतो. त्याला रुंदी नसते, फक्त उंची असते आणि मत असतं. त्यावर पांढरे पट्टे ओढलेले नसतात, कारण मग तो दिसेल. शक्यतो तो झाडाच्या सावलीत असतो. मग ते काळे-पिवळे रबरी तुकडे, बोल्टने ठोकलेले. त्यातला एक तुकडा गायब असतो आणि त्या फटीतून जाण्यासाठी दोन्ही बाजूंच्या सगळ्या दुचाक्या एकमेकींवर चालून येतात. सगळ्यांत कपटी म्हणजे ते बारीक पट्ट्यांचे रम्बलर. उंच टायर ते गिळून टाकतो. माझा टायर त्यातली प्रत्येक पट्टी मोठ्याने वाचून दाखवतो. आणि एखाद्या गावात शिरताना एकामागोमाग पाच लागले, की समजावं, इथे गावाने काहीतरी सोसलेलं आहे. कुणाचं तरी पोर गेलेलं असतं. तिथे मात्र मी कुरकुर करत नाही, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकतो.

आईला मणक्याचा त्रास आहे. गेल्या वाईच्या खेपेला तिने पिशवीतून एक छोटी उशी काढली, जुन्या नऊवारीची खोळ घातलेली, आणि काही न बोलता कमरेमागे सरकवली. मी आरशात पाहत होतो. पुढच्या खड्ड्याला तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "हल्ली रस्ते फार बिघडलेत रे. तुझी गाडी बिचारी काय करणार!"

मला राग आला. तिचा नाही. टायर घेण्याआधी मी ढीगभर परीक्षणं वाचली होती, व्हिडिओ पाहिले होते. स्टिअरिंग कसं बोलतं, ब्रेक कसे चावतात, वळणावर गाडी किती निर्धास्त राहते. लिहिणारा दर वेळी स्टिअरिंगमागे बसलेला. राइडबद्दल शेवटी अर्धं वाक्य: 'किंचित कडक'. हँडलिंग एकट्या चालवणाऱ्याचं असतं, राइड बाकीच्या सगळ्यांची. पण मागच्या सीटवर कुणाची आई बसवून परीक्षण लिहिलेलं मला एकही सापडलं नाही. तो 'किंचित' नेमका कुठे दुखतो, हे त्या उशीला विचारायला हवं होतं.

त्याच खेपेत परतताना एका खड्ड्याने डाव्या पुढच्या टायरला फुगा आणला. स्टेपनी अजून पंधरा इंचीच, त्यामुळे घरापर्यंत गाडी एका बाजूला जुन्या आणि एका बाजूला नव्या विचारांची, जेमतेम पन्नासने आली. टायरवाल्याने फुग्यावर अंगठा दाबला. "आतल्या दोऱ्या तुटल्यात, साहेब. याला पॅच नाही. परत पंधरावर येताय का? रिमा मी घेतो."

मी आईचा विचार केला. मग पसरणीचा केला. मग सोसायटीच्या पार्किंगचा केला.

"सोळात काय आहे?"

"195/55. चांगला चालतो."

मी मोबाइलवर गणित मांडलं. 107 मिलिमीटर. म्हणजे पंधरा आईला परत, तेरा माझ्याकडे.

"जोडी नको," मी म्हटलं, "चारही टाका. आणि नक्षी जरा उठून दिसेल अशी बघा."